डोळ्याचा पडदा दाखवणारा शिक्षकाचा मुलगा : हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ

घरात शुगरचा पेशंट असेल तर ओसीटी हा शब्द आपल्या कानावर आला असेलच. डोळ्यांच्या दवाखान्यात एका मशीनसमोर बसवतात. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं आणि आत दिसणाऱ्या खुणेकडे बघत राहायचं. सुई नाही, दुखणं नाही. काही सेकंदांत काम होतं आणि हातात एक कागद येतो. त्यावर रंगीबेरंगी पट्टे असतात, डोंगर कापून रस्ता काढल्यावर मातीचे थर दिसतात तसे. हे पट्टे म्हणजे आपल्या डोळ्याच्या मागच्या पडद्याचा उभा छेद. हा पडदा जेमतेम पाव मिलिमीटर जाड, आणि तेवढ्यात शास्त्रज्ञांनी मोजलेले दहा थर. ते सगळे जिवंत माणसाच्या डोळ्यात, कुठेही चिरा न देता, नुसत्या प्रकाशाने दिसतात.

ही पद्धत १९९१ साली अमेरिकेत जगासमोर आली. पण तिची मुळं बरीच जुनी आहेत. ती शोधत गेलो तर आपण जर्मनीतल्या एका शाळामास्तरच्या घरात पोहोचतो. त्या घरातला मुलगा पुढे जगातला पहिला असा माणूस झाला, ज्याने जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा स्वच्छ पाहिला आणि इतरांनाही तो पाहायला शिकवलं. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ हे त्यांचं नाव. विज्ञानाच्या पुस्तकांत ते ऊर्जेच्या नियमाजवळ एका ओळीत येतात आणि मुलं पान उलटतात. आज त्यांची पूर्ण कहाणी सांगावी, असं आम्हाला वाटलं.

पॉट्सडॅमचं घर

हर्मनचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ रोजी बर्लिनजवळच्या पॉट्सडॅम गावी झाला. वडील फर्डिनांड तिथल्याच शाळेत भाषा आणि तत्त्वज्ञान शिकवायचे. घरात पुस्तकं भरपूर, पैसा बेताचा. हर्मन लहानपणी सतत आजारी असायचा, बराच काळ घरातच, कधी कधी अंथरुणातच जायचा. सोबतीला लाकडी ठोकळे आणि चित्रांची पुस्तकं असत. पुढे शाळेत भूमिती आली तेव्हा शिक्षकांना आश्चर्य वाटलं, कारण त्यातल्या बऱ्याच गोष्टी या पोराला ठोकळ्यांशी खेळूनच ठाऊक झालेल्या होत्या.

पण सगळंच सोपं नव्हतं. डावं कुठलं आणि उजवं कुठलं, यात तो गोंधळायचा. अर्थ न लावता नुसतं घोकायचं असलं की त्याला जमत नसे. शब्दांच्या याद्या, व्याकरणाचे अपवाद, इतिहासातल्या सनावळ्या त्याच्या डोक्यात टिकत नसत. वर्गात लॅटिन वाचन चालू असताना हा बाकाखाली कागद धरून दुर्बिणीच्या भिंगांतून प्रकाशाचे किरण कसे वळतील, याची गणितं मांडत बसायचा. आमच्या वर्गात असा मुलगा असता तर आम्ही काय केलं असतं, हा विचार आम्हाला शिक्षक म्हणून अस्वस्थ करतो. बाकाखालची तीच गणितं पुढे डोळ्याचं यंत्र बनवताना कामी आली, हे त्यांनी स्वतःच म्हातारपणी नमूद केलं आहे.

मन भौतिकशास्त्रात, शिक्षण डॉक्टरीचं

हर्मनला भौतिकशास्त्र शिकायचं होतं. वडिलांनी साफ सांगितलं की तो खर्च त्यांना झेपणारा नाही. मागे आणखी भावंडं होती आणि नुसतं भौतिकशास्त्र शिकून पोट भरेल, अशी त्या काळी खात्री नव्हती. मग मधली वाट निघाली. बर्लिनमध्ये फौजेसाठी डॉक्टर तयार करणारी सरकारी संस्था होती. तिथे शिक्षण सरकारी खर्चाने व्हायचं, बदल्यात पुढे आठ वर्षं सैन्यात डॉक्टर म्हणून नोकरी करण्याची अट असायची. १८३८ साली, सतराव्या वर्षी, हर्मन तिथे दाखल झाला.

हा प्रसंग आपल्या घराघरांतला आहे. मुलाचा किंवा मुलीचा जीव एका विषयात, अब्बांच्या खिशात दुसऱ्याच विषयाचे पैसे. हर्मनने वडिलांशी भांडण केलं नाही आणि आपली आवडही सोडली नाही. दिवसा डॉक्टरीचे तास आणि उरलेल्या वेळात संस्थेच्या ग्रंथालयात मदतनीस म्हणून काम. तिथे जुन्या मोठ्या गणितज्ञांचे ग्रंथ धूळ खात पडले होते. ते त्याने एकट्याने वाचून काढले. गणिताचं वरचं शिक्षण त्याला कोणी वर्गात बसवून दिलंच नाही.

शिकत असताना त्याला टायफसचा ताप आला. विद्यार्थी असल्यामुळे इस्पितळात उपचार फुकट झाले आणि त्या काळातला भत्ता शिल्लक राहिला. त्या पैशातून त्याने एक सूक्ष्मदर्शक विकत घेतला. यंत्र साधंच होतं, पण त्याच्यावर काम करून त्याने मज्जापेशींवर प्रबंध लिहिला आणि १८४२ साली डॉक्टर झाला.

फौजी डॉक्टरची प्रयोगशाळा

नेमणूक झाली ती पॉट्सडॅमच्या छावणीत. सैनिकांची तपासणी, औषधपाणी आणि रिकाम्या वेळात छावणीतच थाटलेली छोटीशी प्रयोगशाळा. त्या वेळी बरेच विद्वान मानत की सजीवाच्या शरीरात एक खास जीवनशक्ती असते आणि तिला निर्जीव जगाचे नियम लागू होत नाहीत. हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या स्नायूवर प्रयोग करून दाखवलं की स्नायू काम करतो तेव्हा त्याच्यात रासायनिक बदल होतात आणि उष्णता तयार होते. म्हणजे शरीरालाही हिशोब द्यावाच लागतो.

हा हिशोब त्यांनी साऱ्या विश्वाला लावला. २३ जुलै १८४७ रोजी बर्लिनच्या भौतिकशास्त्र मंडळापुढे त्यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेवरचा निबंध वाचला. ऊर्जा रूप बदलते, नाहीशी होत नाही, हे गणितात मांडलेलं होतं. वय वर्षं पंचवीस. त्या काळच्या नामांकित नियतकालिकाने तो निबंध छापायला नकार दिला. हेल्महोल्ट्झ यांनी तो स्वतंत्र पुस्तिका म्हणून छापून घेतला. आज तो नियम दहावीच्या आतच शिकवला जातो.

अशा माणसाला छावणीत अडकवून ठेवणं योग्य नाही, हे काही जाणत्यांच्या लक्षात आलं. प्रख्यात शास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी शब्द टाकला आणि १८४८ साली मुदत पुरी होण्याआधीच त्यांची फौजेतून सुटका झाली. पुढच्याच वर्षी क्योनिग्सबर्ग विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राची जागा मिळाली. हे शहर आज रशियात आहे आणि त्याचं नाव कालिनिनग्राड. त्याच वर्षी ओल्गा फॉन वेल्टेन यांच्याशी लग्न झालं.

तिथलं पहिलं मोठं काम म्हणजे मज्जातंतूंतून संदेश किती वेगाने जातो, याचं मोजमाप. त्यांचे गुरू योहान्नेस म्युलर यांना हे मोजता येईल असं वाटत नव्हतं. हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या नसेवर मोजून दाखवलं. वेग निघाला सेकंदाला साधारण २७ मीटर. वीज चमकल्यासारखा तर नाहीच, एखाद्या वेगात धावणाऱ्या रेल्वेगाडीइतका. या प्रयोगांत ओल्गा त्यांना मदत करत असत.

बाहुली काळी का दिसते?

आता आपण मूळ विषयाकडे येऊ. १८५० साल. हेल्महोल्ट्झ यांना विद्यार्थ्यांना डोळा शिकवायचा होता. त्यांचे मित्र एर्न्स्ट ब्रुके यांनी काही वर्षांपूर्वी दाखवलं होतं की विशिष्ट कोनातून उजेड टाकला तर माणसाची बाहुलीही मांजराच्या डोळ्यासारखी चमकते. हे मुलांना समजावून कसं सांगायचं, याची ते तयारी करत होते.

आपल्याला वाटतं बाहुली म्हणजे काळा ठिपका. ते तर एक छिद्र आहे, आतल्या खोलीची खिडकी. मग आतलं दिसत का नाही? कारण असं की डोळ्याचं भिंग जो उजेड आत नेतं, तो पडद्यावरून परत फिरताना आलेल्याच वाटेने मागे जातो, थेट दिव्याकडे. तो पकडायचा तर आपला डोळा दिव्याच्या जागी हवा. पण तिथे डोकं नेलं की आपलंच डोकं दिव्याच्या आड येतं आणि आत अंधार होतो. मोबाइलच्या फ्लॅशने काढलेल्या फोटोत कधी कधी बाहुल्या लाल दिसतात, तो हाच परत फिरलेला उजेड. फ्लॅश आणि कॅमेरा अगदी शेजारी असल्यामुळे तो थोडासा पकडला जातो.

ब्रुके इथवर आले होते. हेल्महोल्ट्झ यांनी पुढचा प्रश्न विचारला. बाहेर येणारे हे किरण चित्र कुठे बनवतात आणि ते नीट पाहायला काय लागेल?

उत्तर साधं निघालं. दिवा बाजूला ठेवायचा आणि समोर एक काच तिरकी धरायची. काच दिव्याचा काही उजेड वळवून रुग्णाच्या डोळ्यात पाठवते. आतून परतणाऱ्या उजेडातला काही भाग तीच काच आरपार जाऊ देते आणि मागे उभ्या असलेल्या माणसाला तो दिसतो. जाणारा आणि येणारा उजेड एकाच वाटेवर, तरी डोकं आड येत नाही. चित्र स्पष्ट व्हायला एक अंतर्गोल भिंग जोडायचं. पहिला नमुना त्यांनी पुठ्ठा, गोंद, चष्म्याची भिंगं आणि सूक्ष्मदर्शकाला लागतात तसल्या काचेच्या पट्ट्या यांतून बनवला. जमवाजमव करायला आठवडाभराहून थोडा अधिक वेळ लागला. मग समोर आला तो जिवंत डोळ्याचा लालसर पडदा, त्यावर पसरलेल्या बारीक रक्तवाहिन्या आणि जिथे मेंदूकडे जाणारी नस सुरू होते ती फिकट तबकडी. हे सगळं याआधी फक्त मेलेल्या डोळ्यात पाहिलं गेलं होतं.

६ डिसेंबर १८५० रोजी बर्लिनच्या मंडळात ही बातमी गेली आणि १८५१ साली त्यांची छोटी पुस्तिका निघाली. त्या वेळी त्यांचं वय होतं २९.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ते पहिलेच होते, असं नाही. पुर्किन्ये नावाच्या शास्त्रज्ञांनी १८२३ साली अशीच एक युक्ती लिहून ठेवली होती, कोणी लक्ष दिलं नाही. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज, ज्यांना आपण संगणकाचे जनक म्हणतो, त्यांनी १८४७ च्या सुमारास असं यंत्र बनवून एका नेत्रतज्ज्ञाला दाखवलं होतं. त्या तज्ज्ञाला त्याचं मोल कळलं नाही आणि ते तसंच पडून राहिलं. हेल्महोल्ट्झ यांचं वेगळेपण हे की त्यांनी यंत्र बनवलं, ते का चालतं याचं गणित दिलं आणि सगळं छापून दुनियेपुढे ठेवलं. कोणीही वाचावं आणि बनवून बघावं.

आंधळेपणाचा अर्थ बदलला

त्या काळात बाहेरून निरोगी दिसणाऱ्या डोळ्याची नजर गेली की डॉक्टर एक भारदस्त नाव देत आणि हात वर करत. रुग्णाला काही दिसत नाही आणि डॉक्टरलाही काही दिसत नाही, अशी थट्टा चालायची. हे यंत्र आल्यावर ते नाव निकामी झालं. बर्लिनचे तरुण नेत्रवैद्य आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे यांनी ते हातात घेतलं आणि काही वर्षांत चित्र पालटलं. पडदा सुटणं, पडद्याची रक्तवाहिनी बंद होणं, काचबिंदूत नसेच्या तबकडीचं बदलणं, अशा एकेका आजाराची ओळख पटू लागली. पुढे १८८६ साली याच ग्रेफे यांच्या नावाचं पहिलं पदक नेत्रवैद्यांनी हेल्महोल्ट्झ यांना दिलं.

डोळ्याचे डॉक्टर आजही थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि आत डोकावतात. यंत्रात वीज आली, भिंगं सुधारली, पण विचार तोच, क्योनिग्सबर्गच्या पुठ्ठ्यातला.

शबकियापासून रेटिनापर्यंत

पडद्याच्या नावाचाही एक प्रवास आहे आणि तो आपल्या वाचकांना जवळचा वाटेल. जुन्या ग्रीक वैद्यांनी या पडद्याला मासेमारीच्या जाळ्याची उपमा दिली होती. अरबीत त्याचं शबकिया झालं, शबका म्हणजे जाळं. उर्दूतही आपण शबकियाच म्हणतो. अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये गेले तेव्हा जाळ्यासाठीच्या लॅटिन शब्दावरून रेटिना हे नाव रुळलं. मराठीत दृष्टिपटल, बोलताना नुसता पडदा.

अकराव्या शतकात इब्न अल-हैसम यांनी किताबुल मनाझिरमध्ये दाखवलं की डोळ्यातून किरण बाहेर जात नाहीत, वस्तूवरून आलेला उजेड डोळ्यात शिरतो. त्यांचा ग्रंथ लॅटिनमधून युरोपात कित्येक शतकं वाचला गेला. मात्र प्रतिमा भिंगाजवळ उमटते, असं त्यांचं मत होतं. ती पडद्यावर उमटते हे केप्लर यांनी १६०४ साली मांडलं. आणि तो पडदा जिवंतपणी दिसतो, हे हेल्महोल्ट्झ यांनी दाखवलं. इल्म अशीच पुढे जाते. एकाने घेतलेलं दुसरा तपासतो, चूक असेल ते वगळतो आणि आपली भर घालून तिसऱ्याला देतो. इब्न अल-हैसम यांचा अभिमान बाळगायचा तर तपासून पाहण्याची त्यांची सवयही उचलायला हवी.

दुःख आणि काम

१८५५ साली हेल्महोल्ट्झ बॉनला गेले, १८५८ साली हायडेलबर्गला. डोळ्याच्या कामावर त्यांनी तीन भागांचा प्रचंड ग्रंथ लिहिला, तो पूर्ण व्हायला १८५६ ते १८६७ इतकी वर्षं गेली. जवळचं पाहताना भिंग कसं फुगतं, रंग कसे दिसतात, दोन डोळ्यांनी खोली कशी कळते, सगळं त्यात आलं. डोळ्याचे दोषही त्यांनी बारकाईने मोजले. मानवी डोळ्याचं भिंग आणि बाहुलीवरचा पारदर्शक पडदा अचूक गोलाईचे नसतात, त्यामुळे प्रतिमा थोडी फाटते, हे त्यांनी स्पष्ट मांडलं.

याच काळात घरावर संकटं आली. १८५९ साली वडील गेले. ओल्गा यांना क्षयाने ग्रासलं होतं. त्याच वर्षी डिसेंबरच्या शेवटी त्याही गेल्या. मागे दोन लहान मुलं. हेल्महोल्ट्झ यांना स्वतःला डोकेदुखीचे जोरदार झटके यायचे. १८६१ साली त्यांनी आना फॉन मोल यांच्याशी दुसरं लग्न केलं आणि घर पुन्हा उभं राहिलं.

१८७१ साली बर्लिनने त्यांना भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून बोलावलं. वडिलांच्या खिशाने तरुणपणी नाकारलेला विषय पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांना मिळाला. फौजी डॉक्टरकीची वाट फिरून तिथेच आली. एक गंमत मात्र नोंदवायला हवी. वर्गाची तयारी करताना ज्यांना सर्वांत मोठं यंत्र सुचलं, ते बर्लिनमध्ये शिकवताना फारशी तयारी करत नसत. विद्यार्थी म्हणून बसलेले माक्स प्लांक यांनी पुढे लिहिलं आहे की त्या तासांना कंटाळा यायचा. प्रयोगशाळेत मात्र वेगळंच वातावरण असे. हाइनरिख हेर्ट्झ त्यांचेच शिष्य. रेडिओलहरी सिद्ध करणारं हेर्ट्झ यांचं काम हेल्महोल्ट्झ यांनी सुचवलेल्या प्रश्नातून वाढलं.

प्रयोगशाळेतला अमेरिकन पाहुणा

१८८० साली याच प्रयोगशाळेत एक अमेरिकन नौदल अधिकारी शिकायला आला. नाव अल्बर्ट मायकेलसन. पृथ्वी अवकाशातून धावते तेव्हा प्रकाशाच्या वेगात फरक पडतो का, हे त्याला मोजायचं होतं. त्याने विचार हेल्महोल्ट्झ यांच्यापुढे ठेवला. त्यांना त्यात चूक आढळली नाही, फक्त तापमान स्थिर ठेवणं अवघड जाईल, असा इशारा त्यांनी दिला.

मायकेलसनने यंत्र बनवलं. त्याच्या मधोमध होती एक तिरकी काच. ती प्रकाशाचे दोन भाग करते. एक भाग एका आरशाकडे, दुसरा दुसऱ्या आरशाकडे. दोन्ही परत येऊन मिळतात आणि त्यांच्या प्रवासात जरासाही फरक असेल तर उजेड-अंधाराचे पट्टे सरकतात. बर्लिनच्या रस्त्यावरच्या गाड्यांनी हे नाजूक यंत्र हादरत असे, म्हणून १८८१ साली ते पॉट्सडॅमच्या वेधशाळेच्या तळघरात नेलं. म्हणजे हेल्महोल्ट्झ यांच्याच जन्मगावी. अपेक्षित फरक काही सापडला नाही, पण यंत्र अमर झालं. मायकेलसन यांना १९०७ साली नोबेल मिळालं.

ओसीटी म्हणजे याच दोन काचांची गाठ. सोनोग्राफीत आवाज पाठवतात आणि प्रतिध्वनी किती वेळाने आला ते मोजून अंतर काढतात. प्रकाशाचंही तसंच करता येईल, पण प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. पडद्याच्या दोन थरांतलं अंतर तो सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कित्येक हजारपट कमी वेळात कापतो. इतका वेळ थेट मोजणारं साधं घड्याळ नाही. तिथे मायकेलसन यांचं यंत्र कामी येतं. प्रकाशाचा एक भाग डोळ्यात, दुसरा आरशाकडे. दोघांचा प्रवास जुळला तरच पट्टे उमटतात. म्हणून कुठल्या खोलीवरून किती प्रकाश परतला, हे थराथराने कळतं.

हेल्महोल्ट्झ यांच्या शेवटच्या वर्षांत स्पेनच्या काहाल यांनी रंगवलेल्या, मृत पडद्याचे थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सुंदर चित्रं काढली. म्हणजे तेव्हा दोन वाटा होत्या. जिवंत डोळा पाहायचा तर वरचा पृष्ठभाग, थर पाहायचे तर मेलेला डोळा. या वाटा एकत्र यायला १९९१ उजाडलं. डेव्हिड हुआंग, एरिक स्वॉन्सन, जेम्स फुजिमोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो लेख छापला. दोनच वर्षांत जिवंत माणसाच्या पडद्याचे थर दिसू लागले. आज दवाखान्यातलं मशीन सुमारे ५ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतका फरक दाखवतं. आणखी पुढच्या प्रयोगांत डोळ्याचे दोष, तेच जे हेल्महोल्ट्झ यांनी मोजले होते, लवचिक आरशाने दुरुस्त करून पडद्यातल्या एकेका पेशीपर्यंत नजर पोहोचते आहे.

अखेर

१८८८ पासून हेल्महोल्ट्झ बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्ग इथल्या राष्ट्रीय मोजमाप संस्थेचे पहिले अध्यक्ष होते. १८८९ साली मुलगा रॉबर्ट गेला. १८९३ साली ते शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाला गेले, परतताना जहाजाच्या जिन्यावरून पडले आणि डोक्याला मार लागला. १८९४ च्या सुरुवातीला लाडका शिष्य हेर्ट्झ ऐन तरुणपणी वारला. जुलैत हेल्महोल्ट्झ यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ८ सप्टेंबर १८९४ रोजी, ७३ व्या वर्षी, त्यांनी जगाचा निरोप घेतला.

आपल्या घरासाठी

ही कहाणी आम्ही नुसती माहिती म्हणून सांगितली नाही. शुगर पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या आतल्या आत खराब करते. दुखत नाही, सुरुवातीला नजरही कमी होत नाही. आपल्याकडे मग चष्म्याचा नंबर वाढला असेल, मोतीबिंदू असेल, ईदनंतर बघू, असं म्हणत महिने जातात. घरातल्या बायका तर स्वतःचा नंबर सर्वांत शेवटी लावतात. नजर अंधुक होते तोवर पडद्याच्या मधोमध पाणी साठलेलं असतं किंवा रक्त उतरलेलं असतं. गेलेली नजर दर वेळी परत येत नाही, पण वेळेवर कळलं तर लेझर आणि इंजेक्शनने बरीच वाचवता येते.

म्हणून टाइप २ ची शुगर निघाली त्याच वर्षी एकदा पडदा तपासून घ्या आणि पुढे दर वर्षी, दिसत छान असलं तरीही. आधीपासून शुगर असलेल्या बाईला दिवस गेले तर लगेच दाखवा. घरात कोणाला काचबिंदू असेल तर बाकीच्यांनीही तपासावं, कारण त्यातही नजर गुपचूप कडेने जाते. थेंब टाकल्यावर काही तास अंधुक दिसतं, तेव्हा सोबत कोणी न्या आणि गाडी स्वतः चालवू नका. ओसीटी लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील. त्यात एक्स-रे नसतो, नुसता उजेड असतो, घाबरायचं कारण नाही.

आणि घरात एखादं पोर घोकंपट्टीत मागे पडत असेल, पण मोडक्या टॉर्चची काच काढून भिंतीवर उजेड फिरवत बसत असेल, तर त्याच्या हातातली काच लगेच हिसकावून घेऊ नका. आधी विचारा, काय बघतोयस?